यमाईच्या पाठीवरचा राजा

"पंखा थांबवू नगंस, यासीन. निखारा अजून लालच हाय."

बनुबाई समोरच्या पाटावरून म्हणाल्या. शहाऐंशी वर्षांच्या या बाईने उभ्या जन्मात चुलीपलीकडे दुसरी आग पाहिली नव्हती, आणि ती अडतीस वर्षं सोनं गाळलेल्या माणसाला निखाऱ्याचा रंग सांगत होती. एरवी यासीन मुलाणी यावर मनापासून हसला असता. आज त्याने नुसती मान हलवली आणि हातपंख्याची मूठ फिरवत राहिला.

विट्यातल्या नाथाजी निकमांच्या बंगल्याच्या ओसरीत ही भट्टी मांडली होती. फरशी तडकू नये म्हणून खाली पत्रा, पत्र्यावर विटा आणि विटांवर मातीची शेगडी. हल्ली सोनं गाळणारे गलाईवाले गॅसवर पाच मिनिटांत काम उरकतात. पण बनुबाईंनी निक्षून सांगितलं होतं, देवीला गॅसवर भाजायची नाही. कोळसा पाहिजे, आणि हात यासीनचाच पाहिजे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी काम सोडून घरी बसलेल्या यासीनला माळ्यावरून सगळं सामान काढावं लागलं होतं.

सामान म्हणजे फार काही नाही. सोनं वितळवायची मातीची मूस, लांब चिमटा, कातरी, आणि सवागीचा पत्र्याचा डबा. सवागी ही पांढरी पूड, सोन्याबरोबर घातली की सोनं चटकन पाघळतं. डबा जुना, झाकणाचं चित्र केव्हाच घासून गेलेलं. त्या डब्यात, पुडीच्या थराखाली, कागदात बांधलेलं एक बोटाच्या पेराएवढं पुडकं होतं. ते तिथे आहे हे ओसरीतल्या चार माणसांपैकी फक्त यासीनला माहीत होतं.

त्याच्या उजव्या हाताला नाथाजी खुर्ची टाकून बसले होते. नाथाजी म्हणजे बनुबाईंचा मुलगा आणि यासीनचे शेठ. विट्याची निम्मी माणसं परमुलखात सोनं गाळून पोट भरतात, त्यांतलेच हे एक घराणं. नाथाजींच्या वडिलांनी तमिळनाडूत करूरला दुकान टाकलं, नाथाजींनी ते वाढवलं, आणि यासीन विसाव्या वर्षी त्या दुकानात कारागीर म्हणून गेला तो केस पिकल्यावर परत आला. शेठ आणि कारागीर दोघंही एकाच गल्लीतले. करूरला एकाच खोलीत झोपले, एकाच पातेल्यातला भात खाल्ला. मालक-नोकर असं ते नातं कागदावरच राहिलं होतं.

दाराच्या चौकटीला टेकून नाथाजींचा मुलगा पृथ्वीराज उभा होता, मोबाइलमध्ये डोकं घालून. त्याच्या बहिणीचं, शिवांजलीचं, नऊ दिवसांवर लग्न होतं आणि त्याच्या फोनला उसंत नव्हती.

धंद्याची रीत अशी, की गाळताना सोन्याच्या धन्याने समोर बसायचं आणि मूस ओतेपर्यंत उठायचं नाही. कारागिराच्या हातावरून नजर हलवायची नाही. बनुबाई ती रीत डोळ्यांत तेल घालून पाळत होत्या. खरं तर त्या यासीनवर नजर ठेवत नव्हत्याच. त्या देवीची सोबत करत होत्या. पण डोळे ते डोळेच, आणि यासीनला ते आज फार जड जात होते.

देवी त्यांच्या मुठीत होती.

गेल्या मंगळवारी त्यांनी ती यासीनला पहिल्यांदा दाखवली. औंधाची यमाई ही निकमांची कुलदेवता. देवघरात बाकीचे टाक चांदीचे, यमाई तेवढी सोन्याची. नाथाजींच्या वडिलांनी ती करूरहून पहिल्याच वर्षी आणली होती. रुपयाहून लहान, जाडसर, गोल. वर मागाहून डाख देऊन बसवलेली कडी. मधोमध आसनावर बसलेली बाई, एका हातात काठीसारखं काही, दुसऱ्या हातात डहाळी. परमुलखात यमाईनेच दर्शन दिलं असं म्हणून त्यांनी ती नव्या नवरीच्या, म्हणजे बनुबाईंच्या, ओंजळीत घातली. देवीला पालथं घालू नये म्हणून पाठ न बघता बनुबाईंनी तेव्हापासून रोज तिला अंघोळ घातली, हळदीकुंकू वाहिलं. इतकं, की बाईचं नाक-तोंड झिजून गुळगुळीत झालं.

लग्नासाठी देवघर उजळताना पृथ्वीराजने तांबड्या कापडावरून टाक उचलला आणि उलटा केला. पाठीवर एका माणसाचं डोकं निघालं. डोक्यावर पानांचा मुकुट, आणि कानापासून हनुवटीपर्यंत खोल चीर, कुणी छिन्नीने घाव घातल्यासारखी. लग्नाच्या भटजींना फोनवर विचारलं. ते म्हणाले, टाक खंडित आहे, लग्नाला चालायचा नाही. गाळून त्याच सोन्याचा नवा करा.

"त्येच सोनं पायजे बरं का," बनुबाई त्या मंगळवारी टाक यासीनच्या हातावर ठेवत म्हणाल्या होत्या. "गुंजभर इकडचं तिकडं व्हायला नगं. देवी त्यातच हाय. म्हून तुला बोलवलं. बघ, कसं हाय सोनं?"

यासीनने टाक उलटा केला. तो चेहरा तो ओळखत होता. रोमचा बादशहा तिबेरियस. कडेची अक्षरं इंग्रजीसारखी, पाठीमागे राहिल्यामुळे शाबूत. दोन हजार वर्षांमागे तिकडची गलबतं मिरी घ्यायला दक्षिणेच्या किनाऱ्याला लागायची आणि सोनं ओतून जायची. आपल्या बायकांच्या नटण्यापायी आपला पैसा परक्या मुलखात चालला म्हणून हाच बादशहा कुरकुरला होता. आणि ती आसनावरची बाई, काही जाणते म्हणतात, ही त्याची आई.

आता सोनं गाळणाऱ्या माणसाला हे सगळं ठाऊक कसं, तर त्यालाही कारण आहे. करूरच्या आसपास भुईमूग काढताना, विहीर खणताना अशी नाणी निघत. लोक पदराच्या गाठीत बांधून ती गुपचूप गलाईच्या दुकानात आणत आणि तासाभरात वितळून त्यांची लगड होई. दुकानाशेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहायचे. त्यांनी एकदा यासीनच्या हातात असं नाणं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून संध्याकाळी ते त्याला अक्षरं शिकवू लागले, राजांची नावं सांगू लागले. सातवी नापास यासीन ते पोथीसारखं ऐकायचा.

मग त्याने एक खेळ सुरू केला. नाणं मुशीत टाकण्याआधी ते तापलेल्या लाखेवर दाबायचं, दोन्ही बाजूंनी. ठसा पुठ्ठ्यावर चिकटवायचा, खाली तारीख लिहायची. असे एकतीस ठसे त्याच्या घरी बिस्किटांच्या डब्यात होते. लोक नाणी जमवतात, यासीनने न राहिलेली नाणी जमवली. प्रत्येक ठशातलं नाणं त्याने स्वतःच्या हाताने गाळलं होतं.

एकदाच तो डबा घेऊन तो सांगलीला नाण्यांच्या प्रदर्शनात गेला. तिथे काचेखाली खरी नाणी मांडून जाणती माणसं बसली होती. एकाने ठसे पाहिले, चष्मा वर केला आणि उत्साहाने विचारलं, "वा! मूळ नाणी कुठं आहेत?" यासीन म्हणाला, "गाळली." माणसाने पुठ्ठा खाली ठेवला. वाईट काही बोलला नाही बिचारा, पण पुन्हा यासीनकडे पाहिलंही नाही. यासीन डबा बगलेत मारून स्टँडवर आला आणि विट्याच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला. त्या दिवशी त्याला रडू आलं होतं, हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

आणि आता बत्तिसावं नाणं त्याच्या तळहातावर होतं, बनुबाई विचारत होत्या, कसं हाय सोनं.

"चोख हाय, काकी," तो म्हणाला. "नव्व्याण्णव टंच."

एवढंच. सोन्याचा कस तेवढा. दुकानाची सवय. करूरला पहिल्याच दिवशी नाथाजींनी त्याला बजावलं होतं, गिऱ्हाइकाच्या वस्तूवर बोलायचं न्हाई. कुठनं आणली, कुणाची हाय, त्यावर काय हाय, आपल्याला काय करायचंय? आपण टंच सांगायचा अन् गप बसायचं. त्या एका नियमावर दुकान चाललं, विश्वास जमला. अडतीस वर्षांत ती सवय यासीनच्या हाडात गेली होती.

पुढच्या आठ दिवसांत तीनदा तो सांगायचं ठरवून या बंगल्याच्या फाटकापर्यंत आला आणि तीनदा परतला. हे जुनं नाणं आहे म्हटलं की पृथ्वीराज काय करील ते त्याला दिसत होतं. या पोराने आजोबांचा पितळी तराजू पुण्याच्या एका हॉटेलला भिंतीवर टांगायला देऊन टाकला होता आणि वर त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला होता. नाण्याची किंमत त्याला मोबाइलवर दिसली की देवी आठ दिवसही घरात राहिली नसती. तेव्हा नाणं वाचवायचं तर एकच वाट होती, तेवढ्याच वजनाचं दुसरं सोनं मुशीत घालायचं.

दुसरं सोनं घरात एकच होतं. बायकोच्या, शकिलाच्या, कानातल्या बाळ्या. शकिला जाऊन चार वर्षं झाली. सांगलीला दिलेली लेक, तहरीम, प्रत्येक ईदला विचारायची, "अब्बा, अम्मीच्या बाळ्या हायत न्हवं?" आणि तो म्हणायचा, हायत, तुझ्याच हायत. शनिवारी त्याने त्या बाळ्या शुद्ध करून घेतल्या, वजन नाण्याइतकं, बरोबर पावणेआठ ग्रॅम केलं आणि पुडकं बांधलं. करताना त्याने शकिलाची माफी मागितली. ती असती तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं, हेही त्याला पक्कं माहीत होतं.

"झाला बघ पांढरा," बनुबाई म्हणाल्या.

निखारा खरंच पांढरा झाला होता. यासीनने पंखा सोडला आणि हात पुढे केला. बनुबाईंनी मूठ कपाळाला लावली, ओठांनी काही पुटपुटल्या आणि यमाई त्याच्या हातावर ठेवली. ती त्यांच्या मुठीने ऊन झाली होती.

"कडी काढाय पायजे, काकी. डाख हाय त्येला. खोट मिसळंल."

"काढ की. तुला काय सांगायचं."

त्याने कातरीने कडी तोडली. कट् असा आवाज झाला आणि बनुबाईंनी डोळे मिटले. क्षणभरच. पण तेवढ्यात त्याने अंगठा त्या चिरेवरून फिरवला. कागद पसरला, नाणं मधोमध ठेवलं, वर चिमूटभर सवागी टाकली, घडी घातली. पुडकं तयार झालं.

"थोडी सवागी अजून लागंल," तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

पुडक्यासकट त्याचा हात डब्यात गेला. आत दोन बोटांनी चाचपलं. नाण्याचं पुडकं आत राहिलं, बाळ्यांचं हाताशी आलं. हात बाहेर आला तो पांढऱ्या पुडीने माखलेला. शेजारच्या खुर्चीत नाथाजी खाकरले. यासीनच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला. गलाईत भट्टीसमोरच्या माणसाला घाम येतोच, त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

पुडकं मुशीत पडलं. कागद भर्रकन जळाला. त्याने पुन्हा पंखा धरला.

मुशीत सोनं आधी मऊ झालं, मग कडा आत ओढल्या गेल्या, मग एकाएकी ते गोल होऊन थरथरायला लागलं. यासीनने हे हजारदा पाहिलं होतं. या वेळी त्या थरथरत्या थेंबात त्याला शकिलाचा कान दिसला. त्याने चिमट्याने मूस उचलली, साच्यात ओतली, पाणी शिंपडलं. वाफ गेली आणि बोराएवढी सोन्याची गोळी पत्र्यावर घरंगळली.

"झालं, काकी."

जमलं होतं. आता डबा बंद करायचा, सामान गोळा करायचं आणि घरी जायचं, एवढंच राहिलं होतं. बत्तिसावं नाणं वाचलं होतं. तो उठला.

बनुबाईंनी पाटावरून सरकत गोळी चांदीच्या वाटीत घेतली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग वाटी दोन्ही हातांनी धरून त्या मोठ्याने, घरातल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या.

"आये यमाई, लय भाजलं तुला. रागावू नगंस. माझ्या सांगण्यावरनं केलंया त्येनं. माझ्या यासीनच्या हाताला दोष लावू नगंस. त्येची बायकू बी गेली, एकटा हाय बिचारा. काय लावायचा त्यो दोष मला लाव."

आणि त्यांनी त्या गोळीसमोर डोकं टेकलं.

यासीन उठला होता तो परत खाली बसला. शकिलाच्या बाळ्यांसमोर एक शहाऐंशी वर्षांची बाई त्याच्यासाठी माफी मागत होती. एवढं खोटं त्याच्याच्याने पेलवेना.

"काकी, डोकं उचला," तो म्हणाला. "ती देवी न्हाई."

त्याने डबा पत्र्यावर उपडा केला. पांढऱ्या पुडीच्या ढिगातून पुडकं काढलं, सोडलं आणि यमाई वाटीशेजारी ठेवली.

सगळ्यांत आधी पृथ्वीराज भानावर आला. "म्हंजी चाचा, तुमी देवी बदलली? आमच्या समोर? चोरी केली तुमी!"

"गप, पृथ्वी," नाथाजी म्हणाले. "यासीन... ही गोळी कुणाची?"

"शकिलाच्या बाळ्यांची, शेठ. वजनाला काट्याला काटा हाय. कमी काय न्हाई घातलं."

"वजनाचं कोण इचारतंय रं?"

करूरच्या दुकानात दर संध्याकाळी कारागिरांची झडती होई, खिसे उलटे, लुंगी झटकलेली. यासीनची झडती नाथाजींनी दुसऱ्या वर्षापासून बंद केली होती. आज त्यांना ते आठवलं असणार, कारण ते यासीनच्या हातांकडे बघत होते, आणि मग बघेनासे झाले.

बनुबाई मात्र अजून वाटीशेजारच्या यमाईकडे पाहत होत्या. "का केलंस?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. कळत नव्हतं म्हणून.

मग यासीनने सांगितलं. तिबेरियस सांगितला, गलबतं सांगितली, मिरी सांगितली. आसनावरची बाई त्या राजाची आई, असं म्हणतात, तेही सांगितलं. पृथ्वीराजने मोबाइल नाण्यावर धरला तशी बनुबाईंनी त्याच्या मनगटावर सणसणीत चापट मारली. "फोटू काढतंय! पोर हाय का कोन हाय! ठेव त्ये." आणि त्या यासीनकडे वळल्या. "आन् ही चीर? राजाला कुणी मारलं?"

"मारलं न्हाई, काकी. कुणी काय म्हणतं, कुणी काय. पर माझा हात सांगतो, ही आमच्या धंद्यातल्या माणसाची चीर हाय. आत तांबं-बिंबं हाय का, वरनं मुलामा हाय का, म्हून एक घाव घालून बगितलाय त्येनं. आतनं बी सोनंच निघालं, म्हून सोडलं. असली चीर मी लय नाण्यांवर बगितली."

बनुबाईंनी नाणं उलटं केलं. बोट त्या चिरेत घातलं.

"म्हंजी ही फुटल्याली न्हाई?"

"न्हाई."

"पारखल्याली हाय?"

"व्हय, काकी. पारखल्याली हाय."

"मग खंडित कशी म्हणायची?" त्या नाथाजींकडे पाहत म्हणाल्या. बनुबाई पुन्हा यासीनकडे वळल्या, आणि आता त्यांच्या आवाजात राग आला होता. "गेल्या मंगळवारी मी तुझ्या हातावर ठिवली. इचारलं तुला, कसं हाय म्हून. आठ दिस झाले. हे एवढं बोलायला तुझ्या तोंडाला काय झालं हुतं? मी गाळलीच नसती रं! तवाच उचलून आत ठिवली असती. आन् तुझ्या बायकूच्या बाळ्या..."

"आक्का, त्यो दुकानाचा नेम हुता," नाथाजी हळूच आईला म्हणाले. "बोलायचं न्हाई. मीच घातला हुता."

"नेम तुमचा हुता, शेठ," यासीन म्हणाला. "तोंड माझं हुतं."

"अशी किती गाळलीस तिकडं?" बनुबाईंनी विचारलं.

"एकतीस."

"एकाला तरी म्हणालास का, हे गाळू नगा?"

यासीनला वाटलं होतं तो पटकन म्हणेल, कोण ऐकतंय काकी, लोकांना नड असते. इतकी वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला होता. पण समोर एक म्हातारी बसली होती आणि तिच्यामुळे त्याला दुसरी म्हातारी आठवली. करूरची. अनवाणी, पदराला शेणाचा वास. तिने गाठ सोडून नाणं काढलं होतं आणि लगेच दिलं नव्हतं. मुठीत धरून विचारलं होतं, यावर कुणाचं तोंड आहे बाबा? देवाचं तर नाही ना? देवाचं असलं तर नको गाळू, मी घरी ठेवते. तोवर मास्तरांनी यासीनला राजांची नावं शिकवलेली होती. त्याला माहीत होतं. आणि तो मोडक्या तमिळमध्ये म्हणाला होता, कुणाचं नाही आजी, नुसतं सोनं आहे.

"एक बाई इचारत हुती, काकी," तो म्हणाला. "मीच सांगितलं न्हाई."

बनुबाईंनी नाणं पदराने पुसलं, बाईची बाजू वर केली आणि भिंतीचा आधार घेत उठल्या. देवघराकडे जाताना दारात थांबून म्हणाल्या, "राजाची का असंना, आईच हाय न्हवं. लग्नाला हीच बसंल. भटजीला मी सांगते." पृथ्वीराज बाजूला झाला. त्या आत गेल्या, मागोमाग तोही गेला, आणि थोड्या वेळाने घंटी वाजली.

ओसरीत दोघंच उरले, शेठ आणि कारागीर. नाथाजींनी चांदीच्या वाटीतली गोळी उचलली, तिच्यावरचं हळदीकुंकू रुमालाने नीट पुसलं आणि रुमालासकट यासीनपुढे ठेवली. यासीनने ती खिशात घातली. तहरीमला काय सांगायचं, हा विचार आता पहिल्यांदा त्याच्या मनात आला.

मग सवयीने तो कामाला लागला. शेगडी विझू दिली. मूस फोडली. कोळसे बाजूला केले, आणि खालची राख पिसाने एका कागदावर गोळा केली, कणसुद्धा पत्र्यावर राहू न देता. गलाईच्या राखेत सोन्याचे कण जातात, डोळ्यांना न दिसणारे. म्हणून दुकानात राख टाकत नाहीत. भट्टी कुणीही लावो, राख ज्याचं सोनं त्याची. अडतीस वर्षं रोज रात्री यासीन राखेची पुडी बांधून शेठच्या गल्ल्यापाशी नेऊन ठेवायचा. आजही त्याने कागदाची चौकोनी घडी घातली आणि ती नाथाजींच्या खुर्चीशी, त्यांच्या पायांजवळ ठेवली.

नाथाजींनी पुडीकडे पाहिलं. वाकून दोन बोटांनी ती उचलली आणि यासीनच्या बाजूला, पत्र्यावर ठेवली.

"ही तुझी," ते म्हणाले.